पुंगळीतली भेग डोळ्यांना दिसत नाही

रायफलची रिकामी पुंगळी घरीच मापात आणून पुन्हा भरायची कशी, हे दाखवणारे व्हिडिओ आता कोणत्याही मोबाइलवर सापडतात. परवानाधारक शेतकऱ्याला किंवा नेमबाजाला वाटतं, पितळ चांगलं आहे, मग वाया का घालवायचं? काटकसरीचा हा विचार गैर नाही. तरीही हे काम घरात होता कामा नये, आणि परभणी जिल्ह्यातल्या गोठा व खतगोण्यांच्या वाड्यात तर मुळीच नाही, असं माझं ठाम मत आहे.

गोळी सुटताना पुंगळी फुगून चेंबरला घट्ट बसते. मग तिला डायमध्ये दाबून मूळ मापात आणावं लागतं. वंगण कमी पडलं तर ती डायमध्येच अडकते, जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्याला खळगा पडतो. वंगण पुसायचं राहिलं तर चेंबरमधली पकड सैल होऊन बोल्टवर जास्त जोर येतो. शिवाय दर वेळी फुगण्या-दबण्यानं पितळ कडक होत जातं. तांबटाला हे ठाऊक असतं, म्हणून ठोकताना तो भांडं मधूनमधून तापवून मऊ करतो. कडक पितळेत साठलेला ताण काय करतो, याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच देशातला आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवली की आपोआप चिरायची. या चिरण्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेतला ताण यांचा हा मेळ होता, हे १९२१ मध्ये उलगडलं. पागेच्या जागी आपला गोठा ठेवा, शेजारी ओल लागलेली युरियाची गोणी ठेवा, आणि जून ते सप्टेंबरची हवा आठवा. अशा खोलीत ठेवलेल्या पुंगळीची भेग सुरुवातीला नजरेला येत नाही. पुंगळी फुटते तेव्हा बंदूक गालाला टेकलेली असते.

पितळ नुसतं मापात आणलं, दारू भरलीच नाही, तर गुन्हा कसला, असं काही जण विचारतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंसुद्धा दारूगोळ्याच्या व्याख्येत घेतली आहेत. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. अमेरिकेत लोक हे घरी करतात, हे खरं. पण तिथला कायदा इथे लागू नाही. राहिला खेळाडूंच्या खर्चाचा मुद्दा. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या रायफलचं पॉइंट टू-टू काडतूस असं पुन्हा भरण्याजोगं नसतं, कारण त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. १० मीटरला तर छऱ्याची एअर रायफल. म्हणजे ऑलिंपिकची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा एक रुपयाही यातून वाचत नाही. रानडुकरं आणि रोही सोयाबीन-तूर फस्त करतात, ही शेतकऱ्याची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे कुंपण, वेळेत पंचनामा आणि वेळेत भरपाई. तो शासनाकडे हक्कानं मागायचा आहे.

मोठ्या बोअरच्या नेमबाजांसाठी पितळेचा पुनर्वापर व्हावाच असं वाटत असेल, तर तो परवाना, तपासणी आणि नोंदवही असलेल्या रेंजवर व्हावा, अशी मागणी रायफल संघटनांनी उघडपणे करावी. मी तिच्या बाजूनं उभा राहीन. तोवर घरात रिकाम्या पुंगळ्या साठल्या असतील, तर त्यांना हात लावण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना विभागात जाऊन विचारा.