खुणांची भाषा आणि आपल्या शाळा

बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास वाचतांना आम्हांस एका गोष्टीचें नेहमीं नवल वाटतें. ज्यांच्याविषयीं निर्णय करावयाचा, त्यांसच विचारण्याची बुद्धि विद्वानांस फार उशिरां होते.

पॅरिस शहरांत १७६० च्या सुमारास आबे द लेपे नांवाच्या धर्मगुरूंची दोन बहिऱ्या बहिणींशीं गांठ पडली. या मुलींस धर्मज्ञान कसें द्यावें, हा त्यांस प्रश्न पडला. पूर्वींच्या कांहीं गुरूंनीं बहिऱ्यांस बोलावयास शिकविण्याची खटपट केली होती. यांनीं उलट वाट धरली. ते स्वतःच बहिऱ्यांच्या हातांच्या खुणा शिकूं लागले. गुरूनें आधीं शिष्य व्हावें हें आम्हां शिक्षकांस वाटतें तितकें सोपें नाहीं. पुढें फ्रेंच व्याकरणासाठीं त्यांनीं पदरच्या खुणा रचल्या, त्या कांहींशा अवजडच होत्या. पण त्यांच्या शाळेंतून बहिरे शिक्षक तयार झाले. त्यांपैकीं लोरां क्लेर हे १८१६ सालीं अमेरिकेस गेले आणि दुसऱ्याच वर्षीं गॅलॉडेट यांच्या जोडीनें त्यांनीं हार्टफर्ड येथें शाळा उघडली.

मग १८८० सालची मिलान येथील परिषद आली. १६४ प्रतिनिधि जमले. त्यांत बहिरा एकच! ठराव झाला कीं, उच्चाराची पद्धतीच श्रेष्ठ, खुणा नकोत. हेतु वाईट नव्हता. आपल्या मुलानें चारचौघांत बोलावें असें कोणास वाटणार नाहीं? परंतु देशोदेशीं बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, खुणा करणाऱ्या लेंकरांस शिक्षा होऊं लागल्या, आणि उच्चार घोटण्यांत वर्षें जाऊन गणित, भूगोल, पवित्र शास्त्र मागेंच पडलें. या ठरावाबद्दल खेद प्रगट व्हावयास व्हँकूव्हरची २०१० ची परिषद उजाडावी लागली.

मुंबईस अशी शाळा बिशप मॉयरिन यांच्या प्रयत्नानें १८८५ च्या सुमारास निघाली. आज कायदाही अनुकूल आहे. २०१६ च्या कायद्यानें अपंग मुलांस इतरांबरोबर शिकण्याची वाट मोकळी केली. २०२१ सालीं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनें भारतीय सांकेतिक भाषा हा माध्यमिक वर्गांस विषय म्हणून दिला.

तथापि बहिऱ्या मुलास पहिल्या बाकावर बसविलें कीं काम संपलें, हें मत आम्हांस मान्य नाहीं. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलूं लागले कीं त्या मुलास त्यांची पाठच दिसते. मधल्या सुट्टींत तर तें मूल शंभर मुलांत एकटें असतें. खुणा शिकल्यास मूल बोलणार नाहीं, ही कित्येक आईबापांची भीतिही आम्हांस निराधार वाटते. भाषा मिळाल्यावांचून बुद्धीस खाद्य मिळत नाहीं. आणि तिच्यासाठीं कोवळीं वर्षें फुकट दवडणें परवडत नाहीं. मार्ककृत शुभवर्तमानांत प्रभूनें बहिऱ्या मनुष्यास गर्दीपासून एकीकडे नेलें व आधीं त्याच्या कानांस व जिभेस स्पर्श केला. शब्द मागाहून उच्चारला. हा क्रम आम्हांस लक्षांत घेण्याजोगा वाटतो.

म्हणून मुलांनो, तुमच्या वर्गांत असा सोबती आला तर केवळ त्यानेंच तुमचे ओठ वाचावे असें म्हणूं नका. भारतीय खुणांत इंग्रजी अक्षरें दोन्ही हातांनीं काढतात. तीं शिकावयास फार दिवस लागत नाहींत. प्रथम त्याचें नांव काढावयास शिका, आणि मग तुमच्यासाठीं तो कोणती खूण ठरवितो तें त्यास विचारा.