कुलूप रस्त्याचं, दुकानाचं नव्हे

परवा पुतणीचा फोन. "काका, संत्रा बर्फीचं दुकान नेटवर टाकलं, पण गिऱ्हाईक पत्ता भरायच्या पानावर गेलं की वर 'सुरक्षित नाही' असं येतं. लोक पळून जातात हो!"

बसलो बघत. पहिलं पान 'एचटीटीपीएस'वर, पुढचं मात्र साध्या 'एचटीटीपी'वर. दुकानाच्या सेटिंगमध्ये जुनाच पत्ता राहिला होता. तो बदलला, जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे वळवलं. एका बटणामागे कुणीतरी जुना पत्ता हाताने लिहून ठेवला होता, तोही सापडला. (साइट बनवणाऱ्याने प्रमाणपत्राचे दरवर्षी पैसे सांगितले होते. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ पासून ते फुकट देते!)

"आता कुलूप आलं. लोकांना खात्री पटेल," पुतणी म्हणाली. इथेच माझं डोकं फिरलं.

मंडळी, हे आपल्याला चुकीचं शिकवलंय. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात गेल्या महिन्यात वाटलेल्या कागदावरही तेच: 'कुलूप दिसले की निर्धास्त पैसे भरा.' अहो, कुलूप एवढंच सांगतं की तुमचा मजकूर वाटेत कुणी वाचणार नाही आणि तो वर लिहिलेल्या पत्त्यावरच जाईल. त्या पत्त्यावर साव बसलाय की चोर, हे ते सांगतच नाही. भामट्यालाही तेच फुकट प्रमाणपत्र काही मिनिटांत मिळतं. सीताबर्डीहून चोराच्या घरी मनीऑर्डर केली, तर ती नीट पोचली याचं कौतुक करायचं काय?

कुलपाचा असा गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतलं ते चिन्हच बदललं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यांवर जायला लावलं, कारण पाहायचं असतं ते नाव. अक्षर न् अक्षर. शाळेत शुद्धलेखन तपासायचो तसं. आणि आमचे कागद अजून कुलपाचं चित्र छापतात!

पुतणीला सांगितलं, दुकानाचा खरा पत्ता, फोन आणि माल परत घ्यायचे नियम पहिल्याच पानावर लिही. इतवारीचा पत्ता तिने टाकला. फोन नंबर टाकायला मात्र तयार नाही, म्हणे रात्री-बेरात्री लोक फोन करतात. त्यावरून सध्या आमचं वाजलंय.