घटसर्पाची वाट शोधताना

पावसाळा तोंडावर आला की पुणे जिल्ह्यातील वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात भातलावणीच्या घाईबरोबर घटसर्पाची धास्तीही येते. म्हशीला सणसणून ताप भरतो, लाळ गळते, गळ्याखाली सूज येते, घशातून घरघर ऐकू येते. मार्गासनीवरून डॉक्टर वरच्या वाडीवर पोचेस्तोवर अनेकदा जनावर गेलेले असते. पाश्चरेला मल्टोसिडा हा त्यामागचा जिवाणू काही धडधाकट जनावरांच्या घशातही मुक्काम ठोकून असतो. अपुरा चारा, चिखलणीचे कष्ट, ओला गोठा यांनी जनावर खचले की तो उचल खातो.

तो घशातून शरीरात शिरतो कसा, हे पाहायला आता जनावर आजारी पाडण्याची गरज नाही. नुकत्याच कापलेल्या जनावराच्या श्वासनलिकेतील पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवतात. खाली पोषक द्रव, वर हवा. साधारण ३ आठवड्यांत त्या थरावर बारीक केस हलू लागतात, चिकट स्राव पाझरू लागतो. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी गाईच्या अशा थरावर मॅनहायमिया हा फुप्फुसदाहाचा जिवाणू सोडला. गुरांना आजारी पाडणारा प्रकार पेशींत घुसला. एरवी नाकात निमूट राहणाऱ्या प्रकाराला तिथे पाय रोवता आला नाही. घटसर्पाबाबत आम्हाला नेमके हेच जाणून घ्यायचे आहे.

पण घटसर्पात जनावर मरते ते जिवाणू रक्तात पसरल्यामुळे. पडद्यावरच्या थराला ना रक्त, ना भूक, ना थकवा. जिवाणूची वाट तिथे दिसेल, जनावराचे खचणे दिसणार नाही. लसीने किती प्रतिकारशक्ती आली हेही त्यावर कळायचे नाही. त्यासाठी होणारी उंदरांवरची चाचणी या तंत्राने लगेच थांबेल, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच आणि बैलांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी असल्याने त्यांच्या ताज्या पेशी मिळणे अवघड. म्हशीच्या मात्र मिळतात, आणि घटसर्पाला गाईपेक्षा म्हैसच जास्त बळी पडते. तेव्हा परदेशी गाईच्या नमुन्याची नक्कल करण्यापेक्षा म्हशीपासून सुरुवात करणे आम्हाला रास्त वाटते.

या कामासाठी जागाही दूर नाही. आज बरेलीजवळच्या इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यातच झाली. पुण्यातल्या औंधला जनावरांच्या लसी बनवणारी सरकारी संस्था आहे. पेशी वाढवण्यात मुरलेले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रही याच शहरात आहे. काम छोटे ठेवून सुरू करावे, मात्र त्याचा पैसा लसीकरणाच्या तरतुदीतून काढू नये. पावसाआधी टोचलेली लस आजही वाडीवरच्या म्हशीचा खरा आधार आहे. ती बर्फाच्या डब्यातून वेळेवर वर चढणे कोणत्याही प्रयोगापेक्षा निकडीचे.

आणि प्रयोगशाळेत वाढवायचे जिवाणू इथलेच हवेत. घटसर्पाने मेल्याचा संशय असलेले जनावर घाईने पुरले जाते आणि नमुना हातचा जातो. उघड्यावर चिरफाड न करता डॉक्टरांकडून पायाचे नळीचे हाड काढून घ्यावे. त्यातल्या मगजात जिवाणू बराच काळ सापडतो. ते हाड वाडीवरून औंधपर्यंत कोणी आणि कोणाच्या खर्चाने न्यायचे, हे जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने मृगापूर्वी ठरवावे.