पाण्याचा रकाना कुठे आहे?

कार्बन क्रेडिट मिळवून देणाऱ्या एका कंपनीचे माहितीपत्रक या आठवड्यात हाती आले. काय लावायचे, एकरी किती टन कार्बन धरला जाईल, शेतकऱ्याच्या खात्यात किती रुपये पडतील, सगळे तक्त्यात मांडले आहे. पाण्याचा रकाना मात्र नाही. टँकरवर जगणाऱ्या गावात हे पत्रक वाटले, याचा संताप येतो. कार्बनचा हिशेब पाण्यावाचून मांडू नका, हे माझे तुणतुणे वाचकांना पाठ आहे. आज त्याला मोजमापाचा आधार देतो.

पश्चिम स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरात माहादास दे तिएतार इथे ओकच्या विरळ झाडांखाली गुरांचे कुरण आहे. पावसाबरोबर हिरवे होणारे, उन्हाळा लागला की पार वाळून जाणारे. जर्मनीतल्या येनाच्या माक्स प्लांक संस्थेने तिथे तीन तुकडे आखले. 16.9 हेक्टरांना नुसते नत्र दिले, 21.5 हेक्टरांना नत्र आणि स्फुरद दोन्ही, तिसरा तुकडा होता तसा ठेवला. प्रत्येकात एक मनोरा. त्यावरची यंत्रे वाऱ्याचे वर-खाली जाणे आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड व बाष्प एका सेकंदात कितीतरी वेळा टिपतात. कुरणाने काय घेतले आणि काय सोडले, ते त्यातून निघते.

2014 ते 2020 या काळातल्या नोंदी पाहा. खत न दिलेला तुकडा वर्षाला चौरस मीटरमागे 75 ग्रॅम कार्बन हवेत सोडत होता. खत दिलेल्या दोन्ही तुकड्यांत हा आकडा जवळपास शून्यावर आला. वसंतात पानांचा पसारा दोन्हीकडे सरासरी 40 टक्क्यांनी वाढला. कंपनीच्या तक्त्यात हे दोन तुकडे सारखेच दिसले असते, दोघांना सारखेच पैसे मिळाले असते.

आता पाणी पाहा. नत्र-स्फुरदाच्या तुकड्यातून हवेत जाणारे पाणी खत न दिलेल्या तुकड्याइतकेच राहिले. नुसत्या नत्राच्या तुकड्यात ते 10 टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला 48.6 मिलिमीटरने वाढले. या आकड्यात 28 मिलिमीटर इकडे-तिकडे होऊ शकतात, हे संशोधकांनीच नोंदवले आहे. तरीही हेक्टरी हिशेब केला तर 4 लाख 86 हजार लिटर होतात, दहा हजार लिटरचे जवळपास 49 टँकर. कार्बन तेवढाच, पाणी मात्र जास्त. मुळांचा पसारा वाढला असेल, किंवा मातीतले स्फुरद मिळवण्यासाठी झाडोरा जास्त पाणी ओढत असेल, असा संशोधकांचा अंदाज आहे. पोषणाचा तोल बिघडला की पाण्याची उधळपट्टी होते, असे मी त्यातून वाचतो.

इथे मला युरियावर आल्याशिवाय राहवत नाही, कारण युरिया म्हणजे नुसते नत्र, तर डीएपी खतात नत्र आणि स्फुरद दोन्ही. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना आणि डीएपीची 50 किलोची 1350 रुपयांना मिळत असेल, तर शेतकरी काय उचलेल? 2010 मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यात युरिया घेतलाच नाही, म्हणून तो इतका स्वस्त राहिला. स्पेनचे कुरण म्हणजे मराठवाड्यातला कापूस नव्हे, हे मान्य. पण नुसत्या नत्रावर वाढलेले आपले रानही जास्त पाणी पीत असावे, अशी माझी पक्की शंका आहे, आणि ती मोजून खोटी ठरवा असे माझे आव्हान आहे.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी एकेका विद्यार्थ्याला या कामी बसवावे. शेजारी-शेजारी दोन शेते, एकात नुसता युरिया, दुसऱ्यात संतुलित मात्रा, आणि सलग पाच-सहा वर्षे कार्बन व पाण्याची एकत्र मोजणी. एवढ्या दीर्घ कामाला शिष्यवृत्ती मध्येच तोडू नये. तोवर ग्रामसभेत असे पत्रक आले, तर कंपनीने पाण्याचा रकाना भरून आणल्याखेरीज सरपंचांनी ठराव मांडूच देऊ नये.