शेवटचे तीन आठवडे

31 डिसेंबर 2023 रोजी, रविवारी, पहाटे साडेचार वाजता बिबवेवाडीतील एक कापड व्यापारी घराबाहेर पडले आणि खडकवासल्यापर्यंत धावत जाऊन सव्वाआठला परतले. एकूण 32 किलोमीटर झाले. स्नान उरकून दहाच्या ठोक्याला ते लक्ष्मी रस्त्यावरील दुकानात हजर होते, कारण रविवार हा तेथील गर्दीचा वार. त्यांचे वय 53. तीन आठवड्यांनी, 21 जानेवारी 2024 रोजी, मुंबईची पूर्ण मॅरेथॉन होती, अंतर 42.195 किलोमीटर.

त्या दिवसापूर्वी एवढे अंतर पुन्हा धावावयाचे नव्हते. आठवड्याची धाव 60 किलोमीटरवरून 45 वर, मग 30 वर आणि शेवटच्या आठवड्यात अगदी जुजबी, असे वेळापत्रक वहीत मांडलेले होते. कारण सरळ आहे. कठीण सरावाचा लाभ शरीराच्या खात्यावर जमा होण्यास दहा-बारा दिवस तरी लागतात. थकवा मात्र त्याच दिवशी नावे पडतो. अखेरच्या पंधरवड्यात जादा धावणाऱ्यास थकवा तेवढा मिळतो, लाभ शर्यत संपल्यावर येतो.

हे कळणे सोपे, पाळणे कठीण. व्यापाऱ्याला तर फारच कठीण, कारण दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात दुकान रात्री अकरापर्यंत उघडे ठेवूनच त्याने आयुष्य काढलेले असते. त्यातून धनुर्मास चालू. लग्नाची खरेदी मंदावलेली, हाताशी वेळ मोकळा आणि पाय शिवशिवत असलेले. मागील वर्षी याच मोकळ्या वेळाने त्यांचा घात केला होता. शर्यतीच्या आदल्या रविवारी मनात शंका आली म्हणून ते 28 किलोमीटर धावले, आणि प्रत्यक्ष मुंबईत चौतिसाव्या किलोमीटरनंतर त्यांना एक पाऊलही धावता आले नाही. पेडर रोडच्या चढावर कठड्याला धरून उभे असलेले आपले वडील मुलाने पाहिले होते. ‘पुन्हा नको,’ एवढेच तो घरी आल्यावर म्हणाला.

त्या प्रसंगाचे गणित त्यांनी नंतर मांडून पाहिले. सत्तर किलो वजनाच्या माणसास एक किलोमीटर धावण्यास साधारण सत्तर कॅलरी लागतात. म्हणजे पूर्ण अंतरास तीन हजारांच्या जवळपास. स्नायू आणि यकृत मिळून साठविलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती चार-पाचशे ग्रॅम. तिची किंमत फार तर दोन हजार कॅलरी. तूट चरबीतून भरून निघते खरी, पण ती मुदत ठेवीसारखी आहे, मागताक्षणी हातात पडत नाही. म्हणून बहुतेकांची गाडी तिसाव्या किलोमीटरच्या पुढे अडते. उपाय दोन: शेवटच्या तीन दिवसांत भात, पोळी, केळी वाढवून तिजोरी भरणे आणि धावताना दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय किंवा गोड पदार्थ पोटात घालणे. थकलेले स्नायू तिजोरी नीट भरू देत नाहीत, हे त्या 28 किलोमीटरांचे खरे मोल.

धावपटूंच्या जगात उकडलेल्या बटाट्याचे फार कौतुक. या घरात कंदमूळ शिजत नाही, म्हणून केळी, खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की यांवर सराव झाला. तयार जेलच्या काही पाकिटांत मध असतो. सूनबाई घटक वाचून तीच बाजूला काढीत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण मात्र पथ्यावरच पडले, कारण पहाटे तीनला उठणाऱ्यास रात्री आठला झोपणे भाग असते.

9 जानेवारीस, मंगळवारी, दुकानाचा जिना उतरताना उजव्या पोटरीत चमक भरली. फिजिओथेरपिस्टने पाच दिवस धावणे बंद करविले. दुखण्यामुळे चाल बदलत असेल तर शर्यत सोडून द्यावी लागेल, असेही बजावले. ते पाच दिवस घरातील सर्वांना लक्षात राहिले. गृहस्थ दिवसातून दहा वेळा पोटरी चाचपीत. वजनाच्या काट्यावर उभे राहत, आणि काटा एक किलो वर गेलेला पाहून कष्टी होत. वास्तविक साठविलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. ते वजन शिलकीचेच असते. पण हे त्यांना सांगावयाचे कोणी?

रविवारी, 14 तारखेला, पोटरी शांत होती. पहाटे ते बूट चढवून दारात आले. वहीत फक्त आठ किलोमीटर लिहिले होते. त्यांच्या मनात पंचवीस होते. सी.ए.चा अभ्यास करणारी मुलगी जागीच होती. तिने चेहरा ओळखला.

“पप्पा, वर्ष बंद झाल्यावर मागच्या तारखेची व्हाउचर टाकायची नसतात. तुम्हीच शिकवलंत ना?”

ते काही बोलले नाहीत. तासाभरात आठ किलोमीटर करून परतले. दुसऱ्या दिवशी संक्रांत. तिळगूळ दोन्ही हातांनी खाल्ला, त्यास कोणाचीच हरकत नव्हती.

शुक्रवारी मुंबईस जाऊन त्यांनी क्रमांकाची पट्टी घेतली. पुण्याच्या थंडीत किलोमीटरला सात मिनिटे लागत. मुंबईची दमट हवा ध्यानी घेऊन सात मिनिटे वीस सेकंद ठरविली. शनिवारी माटुंग्यास बहिणीकडे सहा वाजता खिचडी झाली. झोप जेमतेम तीन तास. त्याआधीच्या रात्री चांगल्या गेल्या असतील तर एका रात्रीने फारसे बिघडत नाही.

पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून लोंढा सुटला. मरीन ड्राइव्हपर्यंत शेकडो जण त्यांना मागे टाकून गेले. त्यांनी जाऊ दिले. परतीच्या वाटेवर पेडर रोड आला, तेव्हा ऊन चढले होते. तो चढ ते चालले, पण आधीच ठरवून. वर पोहोचताच पुन्हा धावू लागले. मुलगा खालच्या कोपऱ्यावर केळे घेऊन उभा होता. ते त्यांनी अर्धेच घेतले.

5 तास 19 मिनिटे लागली. सोमवारी लक्ष्मी रस्ता बंद असतो, हे बरेच झाले. जिना उतरण्याची त्यांची स्थिती नव्हती.