मास्तरकीचा हिशेब

बारावीचे, पदवीचे निकाल लागले की पेडणे-डिचोलीतल्या घरांत एकच चर्चा. मास्तरकी शिकायला पैसे घालावेत का? ‘विद्या कधी वाया जात नाही’ हे उत्तर आता पुरे. ज्याला घरचा सोन्याचा डाग मोडून फी भरायची आहे, त्याला सुभाषित नको, हिशेब हवा.

तर हिशेब मांडू. प्राथमिकसाठी पर्वरीच्या डाएटमध्ये दोन वर्षांची पदविका. माध्यमिकसाठी बी.एड.; तेही २०१५ पासून एकाचे दोन वर्षांचे झाले. पेडण्याला हरमलचे बी.एड. कॉलेज तरी आहे. पण कॉलेज जवळ असले म्हणून बिनपगाराची दोन वर्षे टळत नाहीत, आणि ती फीच्या पावतीवर दिसतही नाहीत. त्यात बी.एड. झाले की पहिली-दुसरीलाही शिकवता येईल, हा समज ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. प्राथमिकला बी.एड. चालत नाही. म्हणून आधी कुठल्या वर्गाला शिकवायचे ते ठरवा, मग पैसे मोजा.

एवढे करून शिकवणार कुठे? मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोकणीपुरते ठेवले गेले. २०११ साली सरकारने ते इंग्रजीलाही खुले केले. पण सगळे खापर सरकारवर फोडून आपण सुटत नाही. मराठीच्या व्यासपीठावर गळा काढायचा आणि सकाळी नातवाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवायचे, हे कोण करते? पट घटला की शाळा बंद होते किंवा शेजारच्या शाळेत मिसळते. तिच्याबरोबर मास्तराची जागाही जाते!

उरलेल्या जागांवर काय? कुठे कंत्राटी, कुठे तासिका तत्त्वावर. पूर्ण शिकलेल्या माणसाला अर्धवट नोकरी.

तरीही ‘शिकू नका’ असे मी म्हणणार नाही. लहान पोराला वाचायला शिकवणे ही विद्या आहे, ती शिकूनच येते. माझे भांडण फीशी नाही, अंधारात फी भरायला लावण्याशी आहे. कुठला शिक्षक कधी निवृत्त होणार, हे शिक्षण खात्याच्या दप्तरात लिहिलेले असते. मग पुढच्या पाच वर्षांत कुठल्या तालुक्यात, कुठल्या माध्यमात, किती कायम जागा रिकाम्या होणार, हे प्रवेशाआधी जाहीर करायला अडचण कसली? तो आकडा मिळाला तर पेडण्याची पोर आपला निर्णय आपण घेईल. आकडा न देता तिच्या बापाकडून पैसे घेणे, याला शिक्षण म्हणत नाहीत, जुगार म्हणतात.