त्याला पार्टनर म्हणू नका

गेल्या जुलैत आमच्या इमारतीच्या जिन्यात एक मुलगा बसला होता. अंगावरून पाणी निथळत होतं, डिलिव्हरीची पिशवी पायाशी होती. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "काकू, हे जरा वाचा ना. मला काढलं का?" स्क्रीनवर लिहिलं होतं, 'प्रिय पार्टनर, तुमचे खाते निष्क्रिय करण्यात आले आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.' हो, काढलं होतं. मला ते वाक्य दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. ते मराठीत मीच लिहिलं होतं.

मी भाषांतराची कामं करते. कंपन्यांची ॲप, माहितीपत्रकं, करारनामे मराठीत आणते. त्या ॲपच्या कामासोबत एक शब्दयादी आली होती. कामगार, नोकरी, पगार, रजा, दंड हे शब्द कुठेही येता कामा नयेत. कामगाराच्या जागी पार्टनर, पगाराच्या जागी कमाई, दंडाच्या जागी समायोजन, कामावरून काढण्याच्या जागी खाते निष्क्रिय. मला वाटलं, कंपनीला गोड बोलायची हौस आहे. तेव्हा मी मूर्खासारखी ती यादी पाळली. आज सांगते, त्या यादीला गोडव्याशी काही देणंघेणं नव्हतं. पगार म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्न येतो. कामगार म्हटलं की भविष्य निर्वाह निधी आणि अपघाताची भरपाई मागता येते. काढलं म्हटलं की नोटीस कुठे आहे, असं कुणीतरी विचारतं. जो जो शब्द खोडला होता, त्याच्या आड एकेक हक्क होता.

ही एका कंपनीची लहर नव्हे. ब्रिटनमध्ये २०१७ साली डिलिव्हरू या कंपनीचा असाच एक कागद बाहेर आला होता. सायकलवरून जेवण पोचवणाऱ्यांशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, याचं ते टिपण होतं. त्यात गणवेशालासुद्धा गणवेश म्हणायची बंदी होती, कारण गणवेश नोकराचा असतो. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या करारातली भाषा बाजूला सारून भाडं कोण ठरवतं, नियम कोण लावतो, हे पाहिलं आणि चालकांना कामगार ठरवलं. २०२३ मध्ये मात्र डिलिव्हरूची मुलं हरली. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवायची मुभा करारात होती, त्यावर बोट ठेवून. करारातलं एक वाक्य कुठवर पोचतं, ते बघा.

आता 'पार्टनर' हा शब्द कायद्याच्याच उंबऱ्यावर नेऊ. आपल्याकडे १९३२ सालचा भागीदारी कायदा आहे. त्याच्या चौथ्या कलमात भागीदारी म्हणजे धंद्याचा नफा वाटून घ्यायचा करार. नवव्या कलमात भागीदारांनी एकमेकांना खरा हिशेब द्यायचा. बाराव्यात प्रत्येक भागीदाराला फर्मच्या वह्या बघता येतात, त्यांची नक्कल घेता येते. तेहेतिसाव्यात भागीदाराला बहुमताच्या जोरावर हाकलता येत नाही; करारात तशी तरतूद असेल तरच, आणि तीसुद्धा प्रामाणिकपणे वापरली असेल तर. जिन्यातल्या त्या मुलाने कुठली वही पाहिली होती? त्याचं रेट कार्ड रात्रीतून बदलायचं, ते सकाळी लॉग इन केल्यावर कळायचं. ऑर्डर कुणाला पडणार आणि का, हे त्याला कुणी सांगत नव्हतं. पेट्रोल त्याचं, गाडीचा हप्ता त्याचा, मोबाइल त्याचा, टी-शर्टाचे पैसेही त्याच्याच पेआउटमधून कापलेले. घसरून हात मोडला तर दवाखाना त्याचा. खर्चाचा आणि धोक्याचा वाटा एवढा बिनचूक मोजून देणारी कंपनी नफ्याच्या वाट्याचं नावही काढत नाही.

आपल्या गावांत अर्धेलीने शेत करणाऱ्यालाही खळ्यावर रास मोजताना उभं राहता येतं. दोघांनी मिळून म्हैस घेतली तर दुधाचा हिशेब रोज संध्याकाळी होतो. भागीदार या शब्दाची मराठीत एवढी पत आहे. ती पत या कंपन्यांनी फुकटात उचलली आणि ज्याला वाटा द्यायचा नाही त्याच्याच कपाळावर चिकटवली. याला मी चोरी म्हणते.

लगेच उत्तर येतं की ही मुलं स्वतंत्र आहेत, हवं तेव्हा लॉग इन करतात, यांना एक मालक नाही. मुंबईच्या बाजारात आणि गोदीत पाठीवर पोती वाहणाऱ्यांना तरी एक मालक कुठे होता? आज या व्यापाऱ्याचं ओझं, उद्या त्याचं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने मंडळात नोंदणी करायची, मजुरीवर लेव्ही भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी. एक मालक नसतानाही हे जमलं, आणि माथाडी या शब्दात तर माथ्यावरचं ओझं सरळ दिसतं. त्यांना तेव्हा कुणी 'वाहतूक पार्टनर' म्हणून गोंजारलं असतं, तर हा कायदा कशाच्या नावाने मागितला असता?

नीती आयोगाच्या अंदाजाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख माणसं या डिलिव्हरीच्या मुलांसारखी कामं करत होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना निदान नाव दिलं आणि ॲपवाल्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के भाग त्यांच्या निधीत भरावा असं सांगितलं. पण व्याख्येतच त्यांना मालक-नोकर नात्याच्या बाहेर उभं केलं. म्हणजे कंपन्यांची शब्दयादी संसदेपर्यंत पोचली.

आणि आमची वर्तमानपत्रं? 'ट्रकच्या धडकेत डिलिव्हरी पार्टनरचा मृत्यू.' कुणाचा पार्टनर? खरा भागीदार गेला असता तर दुसऱ्या दिवशी बाकीचे भागीदार त्याच्या घरी हिशेब घेऊन बसले असते. संपादकांनो, मेलेल्या कामगाराला तरी त्याच्या खऱ्या नावाने छापा.

त्या कंपनीची पुढची फाईल आली तेव्हा मी यादी मिटून ठेवली. संदेशाच्या जागी लिहिलं, 'तुम्हाला कामावरून काढले आहे. कारण:' आणि पुढे जागा मोकळी सोडली. दोन दिवसांत फाईल परत आली. 'कामावरून काढले' बदललेलं होतंच; 'कारण' हा शब्दही लाल रेघ मारून खोडला होता. ते काम मी सोडलं.